पडद्यावरच्या आगीला धूर नसतो

गेल्या आठवड्यात सुनेने लावलेली मालिका मीही तिच्याबरोबर बसून पाहिली. हॉस्पिटलची मालिका, परदेशी, हिंदीत डब केलेली. नाव सांगत नाही, कारण या बाबतीत सगळ्या एकाच माळेचे मणी. एका इमारतीला आग लागते. खिडक्यांतून केशरी ज्वाळा बाहेर येतात, काचा फुटतात. नायक नाकाला ओला रुमाल लावून ताठ चालत आत शिरतो आणि एका मुलीला उचलून आणतो. मग कॅज्युअल्टीत एकामागून एक स्ट्रेचर. कुणाचा हात भाजलाय, कुणाच्या पोटात सळई घुसलीय, एक बाई किंचाळतेय. कोपऱ्यात एक माणूस ब्लँकेट पांघरून गप्प बसलाय, मधूनच खोकतोय. नर्स त्याला पाणी देते, खांद्यावर थोपटते आणि तुम्हाला काही झालेलं नाही म्हणून घरी पाठवते.

मी उठून उभी राहिले. "अगो, त्याला कुठे पाठवतेस? आधी त्याचा घसा बघ!"

"आई, मालिका आहे ती," सून म्हणाली.

मालिका आहे हे मलाही कळतं. पण तीस वर्षं भूलतज्ज्ञ म्हणून काढली की काही दृश्यं नुसती बघवत नाहीत. भूलतज्ज्ञाचं अर्धं काम भूल देण्याचं आणि अर्धं श्वासाची वाट उघडी ठेवण्याचं. त्या खोकणाऱ्या माणसासारखा एक माणूस माझ्या नोकरीच्या काळात खरोखर आला होता. दिवाळीच्या आदल्या रात्रीची गोष्ट. गावागावांत नरकासुराचे पुतळे उभे होते, फटाके चालू होते आणि एका फ्लॅटमध्ये पडद्याला आग लागली. नवराबायको दोघं आली. बायकोचा उजवा हात कोपरापर्यंत भाजलेला, ती मोठमोठ्याने रडत होती, आणि आमचे सगळे तिच्याभोवती. बांगड्या काढायची घाई चालली होती, कारण हात सुजायला लागला की त्या कापाव्या लागतात. नवरा बाकावर बसला होता. शर्टाला चूणसुद्धा पडलेली नव्हती. मी विचारलं तर म्हणाला, "म्हाका कांय जावंक ना, तिका पळयात दोतोर."

त्याच्या नाकपुड्यांच्या कडा काळ्या होत्या. आतले केस जळून आखडले होते. थुंकी काळपट. आणि आवाज रात्रभर भजनाला बसल्यासारखा बसलेला. मी त्याला नाव विचारलं. वीस मिनिटांनी पुन्हा विचारलं, तेव्हा तेच नाव आणखी घोगरं ऐकू आलं. तिसऱ्यांदा विचारण्याची वाट बघण्यात शहाणपण नव्हतं. गरम धूर घशात गेला की आतली त्वचा तासातासाने सुजत जाते, आणि एकदा स्वरयंत्राची फट मिटली की श्वासाची नळी घालायला जागाच उरत नाही. त्या रात्री नेहमीच्या मापाची नळी गेली नाही, दोन मापं लहान घ्यावी लागली. म्हणजे सूज आधीच पुष्कळ पुढे गेली होती, आणि माणूस मात्र बाकावर बसून बायकोची काळजी करत होता.

त्याला व्हेंटिलेटरवर ठेवलं, तर बाहेर त्याचा भाऊ माझ्यावर चवताळला, की चालत आलेल्याला मशीनवर का घातलं. "तो चलत आयलो न्हय? मागीर मशिनार कित्याक घातलो?"

त्याचा प्रश्न चुकीचा नव्हता. त्याने जे पाहिलं होतं त्यावरून दुसरा प्रश्न सुचणारच नाही. चालत आलेला माणूस बरा, स्ट्रेचरवरचा वाईट, किंचाळणारा त्याहून वाईट आणि व्हेंटिलेटर म्हणजे आशा संपली, हे त्याला कुणी शिकवलं? मी तर नव्हतं शिकवलं. चौथ्या दिवशी नळी काढली, माणूस घरी गेला. पण ते चार दिवस आम्ही त्या कुटुंबाच्या नजरेत गुन्हेगार होतो. मालिकांबद्दलची माझी तक्रार इथून सुरू होते.

आगीत माणसं जळून मरतात असं आपण धरून चालतो. इमारतीला लागलेल्या आगीत जास्त माणसं धुराने मरतात, आणि ज्वाळा पोचण्याच्या आधी मरतात. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात १३ जून १९९७ रोजी ५९ माणसं गेली, ती बाल्कनीत कोंडलेल्या धुराने गुदमरली. कोलकात्याच्या एएमआरआय रुग्णालयात डिसेंबर २०११ मध्ये तळघरात आग लागली आणि वरच्या मजल्यांवरचे रुग्ण बिछान्यातच गेले; आग त्यांच्यापर्यंत पोचलीसुद्धा नव्हती. मुंबईच्या कमला मिल्समध्ये २९ डिसेंबर २०१७ ला १४ जण गेले, त्यांतले कितीतरी स्वच्छतागृहाच्या आडोशाला सापडले. आणि आपल्या गोव्यात हडफड्याला ६ डिसेंबर २०२५ च्या मध्यरात्री नाइट क्लबमध्ये २५ जण. त्यांत बहुतेक तिथे राबणारी मुलं होती, झारखंडची, आसामची, उत्तराखंडची, नेपाळची. बहुतेकांचा जीव गुदमरून गेला. तळघरातल्या स्वयंपाकघरात जी मुलं होती त्यांना ज्वाळा दिसल्या असतील की नाही, कोण जाणे.

मालिकेत मात्र ज्वाळाच ज्वाळा. याचं कारण लेखकांचा आळस असेल असं मला आधी वाटायचं. आता वाटतं, कारण साधं आहे: धूर कॅमेऱ्याला चालत नाही. फोम, प्लास्टिक, रंग, पीव्हीसीचं छत जळालं की निघणारा धूर डांबरासारखा काळा असतो. त्यात स्वतःचा हात दिसत नाही. तसा धूर पडद्यावर आणला तर नायकाचा चेहरा दिसणार नाही आणि एवढे पैसे देऊन आणलेला नट काळोखात फुकट जाईल. म्हणून पडद्यावरची आग झगझगीत असते, तिच्या उजेडात सगळ्यांचे घामेजलेले चेहरे छान दिसतात, आणि धूर असलाच तर देवळातल्या धुपाइतका. नायकाला चालताना दार कुठे आहे हे दिसतं. खऱ्या आगीत तेच दिसत नाही.

तो ओला रुमालही तसाच. ओल्या फडक्याने थोडी काजळी अडते. कार्बन मोनॉक्साइड अडत नाही. हा वायू दिसत नाही, त्याला वास नाही, आणि रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट धरून ठेवतं. माणसाला आधी डोकं दुखल्यासारखं वाटतं, मग गोंधळल्यासारखं. दाराची कडी कुठल्या बाजूला सरकते एवढंही सुचत नाही. स्वच्छतागृहात लपलेली माणसं मूर्ख नव्हती. विचार करणाऱ्या मेंदूलाच ऑक्सिजन मिळत नव्हता.

आणि कोविडात घरोघर आलेलं ते बोटाला लावायचं ऑक्सिमीटर इथे चक्क खोटं बोलतं. कार्बन मोनॉक्साइडने भरलेलं रक्त त्या यंत्राला ऑक्सिजनने भरलेल्या रक्तासारखंच दिसतं. माणूस बेशुद्धीच्या उंबरठ्यावर असताना पडद्यावर ९८, ९९ असे झकास आकडे. मालिकांमध्ये याऐवजी डॉक्टर रुग्णाचे ओठ चेरीसारखे लाल झालेले बघून निदान करतो. तो रंग जिवंत रुग्णात क्वचितच दिसतो, जास्त करून शवविच्छेदनाच्या टेबलावर दिसतो, आणि आपल्या सावळ्या कातडीवर तर शोधायलाच नको. निदान करायचं ते कुठून आणलं हे विचारून आणि रक्त तपासून. उपचार मात्र साधा आहे: तोंडावर घट्ट बसणारा मास्क आणि शंभर टक्के ऑक्सिजन. साध्या हवेत या विषाचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर साधारण तास-दीड तास. कोपऱ्यातल्या त्या माणसाला पाण्याचा ग्लास देण्याऐवजी मास्क लावला असता, तर मालिकेचा एक पैसा जास्त खर्च झाला नसता.

सोफ्याचा फोम, नायलॉन, लोकर, अगदी रेशीमसुद्धा जळताना सायनाइड सोडतात. म्हणजे श्वासातून आलेला ऑक्सिजन पेशींच्या दारापर्यंत पोचला तरी आत वापरला जात नाही. त्यावर हायड्रॉक्सोकोबालामिन नावाचं औषध आहे, ब-१२ जीवनसत्त्वाचंच एक रूप. त्याचा रंग गडद लाल, आणि ते दिलं की रुग्णाची लघवी लाल होते, कातडीवरही लाली चढते. नातेवाइकांना रक्तच गेलं असं वाटून धडकी भरावी! नाट्यच हवं असेल तर याहून जास्त ते कुठे मिळणार? पण लेखक मंडळी पोटातल्या सळईवरच खूश.

माझी आजी चुलीपुढे पाटावर बसून स्वयंपाक करायची. जुनं कौलारू घर. पावसात ओली लाकडं पेटत नसत, घर धुराने भरायचं. उभी असलेली आम्ही पोरं डोळे चोळत, खोकत बाहेर पळायचो. आजी खाली बसून भाकरी थापत असायची, जणू काही झालंच नाही. धूर तिच्या डोक्यावरून जायचा आणि कौलांच्या फटींतून हळूहळू बाहेर पडायचा. आगीच्या वेळी जमिनीलगत रांगत जावं हे मी पुस्तकात खूप नंतर वाचलं, पाहिलं होतं ते चुलीपुढे. आता पर्वरीपासून मडगावपर्यंत आपण ज्या फ्लॅटांत राहतो त्यांत कौलांच्या फटी नाहीत. एसीसाठी खिडक्या बंद, वर पीव्हीसीचं छत, खाली फोमचा सोफा, बाहेर चोरासाठी लावलेलं लोखंडी ग्रिल. तिथे लागलेली आग आजीच्या चुलीपेक्षा अगदी वेगळी, आणि तिच्यात ताठ चालत जाणारा नायक दहा पावलांत खाली बसेल.

लोक म्हणतील, बाई, मालिका म्हणजे काय शाळा आहे? दिवसभर राबून आलेला माणूस दोन घटका करमणूक करून घेतो, त्याला हिमोग्लोबिन कशाला शिकवता? हा आक्षेप मला पटतो, निम्मा. मालिकांनी शिकवावं असं माझं म्हणणंच नाही. पण त्या शिकवतातच, त्यांना ते नको असलं तरी. १९९६ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये अमेरिकन डॉक्टरांचा एक अभ्यास आला होता. त्यांनी 'ईआर', 'शिकागो होप' आणि 'रेस्क्यू ९११' या तीन कार्यक्रमांचे भाग पाहून मोजलं, की छाती दाबून हृदय चालू करण्याचा प्रयत्न केलेल्यांपैकी पडद्यावर किती वाचतात. ७५ टक्के लगेच वाचत होते, ६७ टक्के घरी जाताना दिसत होते. प्रत्यक्षात हॉस्पिटलबाहेर हृदय थांबलेल्या दहांपैकी एकसुद्धा घरी परत जाईल याची खात्री नसते. तो अभ्यास करणाऱ्यांची काळजी हीच होती, की नातेवाईक निर्णय घेतात ते या आकड्यांच्या भरवशावर. मॉनिटरवर सरळ रेषा दिसली की शॉक देणंही तसंच. सरळ रेषा म्हणजे हृदयात विजेची हालचालच नाही, तिथे शॉकचा उपयोग शून्य. तरी मला कितीदा विचारलं गेलंय, "डॉक्टर, तुम्ही शॉक का नाही दिला?"

आगीच्या बाबतीत नुकसान नातेवाइकांच्या गैरसमजापाशी थांबत नाही. आगीचं जे चित्र मनात बसतं, त्यावर आपली तयारी ठरते. आग म्हणजे ज्वाळा, तर उपाय म्हणजे विझवणं. भिंतीवर लाल सिलिंडर टांगला की झालं. आग म्हणजे धूर असं डोक्यात असतं, तर पहिला प्रश्न वेगळा पडला असता: दुसरं दार कुठे आहे, ते उघडतं का, छत कशाचं आहे, तळघरातला माणूस वर कुठून येणार? हडफड्याच्या घटनेनंतर आपल्याकडे परवान्यांची चर्चा झाली, मालकांची झाली, पाडापाडीची झाली, राजकारण तर झालंच. हे सगळं व्हायलाच हवं. पण त्या दिवसांत मला ओळखीच्या निदान सात-आठ जणांनी जो प्रश्न विचारला तो असा: "किती टक्के भाजले होते?" टक्के! भाजण्याच्या टक्क्यांवर माणसाची गत ठरते हे सगळ्यांना पाठ. ज्याच्या अंगावर फोडही नाही असा माणूस मेलेला असू शकतो, हे कुणाच्या मनात येत नव्हतं.

भाजण्याबद्दल तरी मालिका खरं दाखवतात का? तिथेही सलाइनची एक बाटली टांगली की काम संपलं. जुन्या पण अजून वापरात असलेल्या सूत्राने हिशेब केला, तर ६० किलो वजनाच्या आणि ४० टक्के भाजलेल्या माणसाला पहिल्या २४ तासांत साडेनऊ लिटरांच्या वर द्रव लागतो, आणि त्यातला निम्मा पहिल्या आठ तासांत. हे आठ तास भाजल्यापासून मोजायचे, हॉस्पिटलात पोचल्यापासून नव्हेत. पेडण्याच्या टोकाहून किंवा काणकोणहून बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात येईपर्यंत गेलेला वेळही त्यात धरायचा. पुढचे महिने तर पडद्यावर येतच नाहीत. त्वचारोपण, आखडलेली बोटं, दिवसरात्र घालायचे घट्ट कपडे, रात्री झोपू न देणारी खाज. पट्टी सोडली की नायिकेचा चेहरा पूर्वीसारखाच. असो, चेहऱ्यासाठीच तिला घेतलेलं असतं.

या मालिकांवर बंदी घाला, सेन्सॉर लावा असलं काही मी म्हणत नाही. खाली पट्टी फिरवून "हे काल्पनिक आहे" म्हटल्यानेही काही होत नाही, ती पट्टी वाचतो कोण? परदेशी मालिकांकडे वैद्यकीय सल्लागार असतात, पगारी. नळी कशी धरायची, मास्क कुठल्या बाजूने लावायचा हे ते बरोबर दाखवतात, आणि हातमोज्यांपर्यंतचा तपशील चोख असतो. पण कोण मरणार आणि कोण वाचणार हे लेखक ठरवतो, आणि तो भाजलेल्याला मारतो आणि खोकणाऱ्याला घरी पाठवतो. मराठीत हॉस्पिटलची मालिका काढणाऱ्यांनी एवढीच एक गोष्ट उलटी करून बघावी. किंचाळणारी बाई वाचू दे. गप्प बसलेल्याचा आवाज बसू दे. एका नर्सच्या लक्षात येऊ दे, की मघाशी हा नीट बोलत होता. वीस मिनिटांत आवाज जातोय, डॉक्टर दुसऱ्या स्ट्रेचरवर आहे, भाऊ ओरडतोय की हा चालत आला होता. यात प्रेक्षक खिळून राहणार नाही असं मला कुणी सांगू नये. मी तीस वर्षं खिळून राहिले होते.

आणि एकदा तरी रुग्ण म्हणून स्वयंपाकघरातला पोरगा येऊ दे. मालिकेतल्या आगीत प्रेमिक सापडतात, गरोदर बाई सापडते, अग्निशमन दलाचा जवान सापडतो. तळघरात भांडी घासणारा कधी सापडत नाही. खऱ्या आगीत आधी तोच सापडतो, कारण त्याच्याकडे यायला जिना एकच असतो.

परवा भाचीचं लग्न होतं, एका हॉलमध्ये. नाव नको. मुहूर्ताला वेळ होता, मी सवयीने मागचं दार बघायला गेले. दारावर हिरव्या रंगात बाहेर जाण्याची पाटी होती, पुढे प्लास्टिकच्या खुर्च्यांची उतरंड रचलेली आणि कडीला कुलूप. मॅनेजरला विचारलं, तर तो अदबीने म्हणाला, "बाई, आगीची काळजी करू नका, चार सिलिंडर आहेत, गेल्याच महिन्यात भरून घेतलेत." चावी मागितली. चावी वॉचमनकडे होती, आणि वॉचमन गाड्या लावायला रस्त्यावर गेलेला. तो येईपर्यंत अक्षता पडल्या आणि जेवणाची पहिली पंगत उठली होती. कुलूप उघडलं, खुर्च्या हलवायला माझा मुलगा आणि वॉचमन असे दोघं लागले. सून लांबून बघत होती. जवळ आली आणि खुर्च्यांची दुसरी चळत तिने स्वतःच उचलायला घेतली.